चार आठवड्यांची रजा

सातारा
रविवार सकाळ

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

आर्नस्टाटच्या चौकातल्या पुतळ्याचा तुझा फोटो मिळाला. खाली तू विचारलंयस, "बाबा, हा खरंच बाख? विग नाही, दुहेरी हनुवटी नाही, कॉलेजच्या कट्ट्यावर रेलावं तसा रेललाय." तोच आहे, जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख. त्याच्या जन्माला तीनशे वर्षं झाली तेव्हा, म्हणजे १९८५ साली, तो तिथे बसवला. तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली होती, पण शिल्पकाराचं काही चुकलेलं नाही. आपण सगळीकडे पाहतो तो विगवाला भारदस्त बाख साठी उलटलेला आहे. तुझ्या एरफुर्ट-इल्मेनाऊ गाडीच्या वाटेवरच्या त्या गावात नोकरीला लागला तो बाख अठरा वर्षांचा होता. तुझ्यापेक्षा लहान.

तुझ्या दुसऱ्या मेसेजबद्दल, थिसिस अर्धवट ठेवून सहा महिने ऑर्गन बांधणाऱ्या कारखान्यात जायचं म्हणतोस त्याबद्दल, आईने "तुम्हीच बोला त्याच्याशी" म्हणून माझ्यावर ढकललंय. बोलतो. पण आधी या पोराबद्दल लिहू दे. हल्ली मी तेच वाचतोय, आणि इथे भजनी मंडळात कुणाला सांगायला गेलं की दोन मिनिटांत विषय वर्गणीवर जातो.

मला त्याच्या संगीतातलं फार कळतं असं नाही. माझी पोच पेटीपर्यंत. पण उभी नोकरी शिक्षण खात्यात गेल्यामुळे फायली मात्र कळतात. आणि गंमत अशी की तरुण बाखचा स्वभाव आपल्याला कळतो तो मुख्यतः फायलींतून. त्याने आत्मचरित्र लिहिलं नाही, खासगी पत्रं थोडीच उरली. मागे राहिले ते हजेरीपट, दाखले, पगाराचे हिशोब आणि चौकशीचे इतिवृत्तांत. कुठल्या तरी कारकुनाने मान खाली घालून, जे घडलं ते जसंच्या तसं टिपून ठेवलं, म्हणून हा मुलगा आज डोळ्यांसमोर उभा राहतो.

हजेरीपटापासून सुरुवात करतो, ती माझी जुनी खोड. बाखचा जन्म मार्च १६८५ मधला, आयझेनाखचा. आठ भावंडांत शेंडेफळ. वडील योहान आम्ब्रोझिउस हे गावाच्या पगारावरचे वादक; काका, चुलते, आजोबा सगळे याच धंद्यातले. पोरगा गावातल्या लॅटिन शाळेत जायचा, जिथे दोनशे वर्षांपूर्वी मार्टिन ल्यूथर शिकला होता. त्या शाळेच्या पटावर त्याचे खाडे अर्ध्या दिवसांच्या हिशोबाने नोंदलेले आहेत: १६९३ साली ९६, पुढच्या वर्षी ५९, त्याच्या पुढच्या वर्षी १०३. वर्गात नंबर अनुक्रमे ४७, १४ आणि २३. आमच्या तालुक्यात असा पट दिसला असता तर मी पालकांना बोलावून घेतलं असतं.

फक्त बोलावणार कुणाला? १६९४ च्या मे महिन्यात त्याची आई गेली. वडिलांनी नोव्हेंबरात दुसरं लग्न केलं आणि फेब्रुवारी १६९५ मध्ये तेही गेले. दहा पूर्ण व्हायला महिना राहिलेला, तेवढ्यात पोर पोरकं झालं. तेव्हा शेवटच्या १०३ खाड्यांवर शेरा मारायला हात धजत नाही. पहिल्या वर्षीचे ९६ मात्र आई-वडील दोघंही घरात असतानाचे आहेत, त्यांना ही सबब लागू होत नाही. उगाच साधू करायला नको त्याला.

थोरला भाऊ योहान क्रिस्टोफ चौदा वर्षांनी मोठा, ओरड्रुफ नावाच्या गावात चर्चचा ऑर्गनवादक. त्याने या धाकट्याला आणि मधल्या याकोबला आपल्या घरी नेलं. क्रिस्टोफ स्वतः पाखेलबेल या नामवंत ऑर्गनवादकाकडे तीन वर्षं शिकलेला. धाकट्याला कळफलकाचे पहिले धडे त्यानेच दिले, आणि पोरगं ते झपाट्याने संपवत गेलं.

इथली गोष्ट तू ऐकली असशील. बाख वारल्यावर त्याचा मुलगा आणि एक शिष्य यांनी मृत्युलेख लिहिला, तो १७५४ साली छापला गेला. त्यात ती आहे. क्रिस्टोफकडे त्या काळच्या नामवंतांच्या, फ्रोबेर्गर, केर्ल, पाखेलबेल यांच्या रचनांची एक वही होती. पोराने मागितली, भावाने दिली नाही. वही जाळीच्या दाराच्या कपाटात, कपाटाला कुलूप. पण वहीला पुठ्ठ्याची बांधणी नव्हती, नुसती कागदी. पोराने रात्री सगळे झोपल्यावर आपला लहानसा हात जाळीतून आत घालायचा, आतल्या आत वहीची सुरळी करायची आणि ओढून बाहेर काढायची. दिवा लावायची सोय नाही, म्हणून चांदणं असेल तेव्हाच उतरवायचं. सहा महिने लागले. वही उतरवून झाली आणि ती भावाच्या हाती सापडली. भावाने नक्कल जप्त केली.

ही गोष्ट सांगणारे क्रिस्टोफला खाष्ट ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. त्या काळी न छापलेल्या रचनांची वही म्हणजे वादकाचं भांडवल. ती मिळवायला पैसे मोजलेले, किंवा गुरूच्या घरी राबलेलं. शिवाय त्याचं वय तेव्हा पंचविशीच्या आसपास, नवा संसार, तुटपुंजी मिळकत आणि पदरात दोन पोरके भाऊ. पुढचंही बघ: याच भावाने नंतर दोन जाड वह्या तयार केल्या, आणि बाखच्या तरुणपणीच्या कितीतरी रचना आज आपल्याला मिळतात त्या या दोन वह्यांमुळे. ज्याने नक्कल हिसकावली त्याच्याच हातच्या नकलेने धाकट्याचं संगीत वाचलं. आणि धाकट्यानेही मनात अढी धरली नाही. कॅप्रिचिओ नावाच्या प्रकारातली एक रचना त्याने या भावाच्या नावे केली, आणि पुढे वायमारला भावाच्या मुलाला शिकायला ठेवून घेतलं.

चांदण्याची गोष्ट थोडी सजवलेली असेल, असं मलाही वाटायचं. पण तुझ्याजवळच्या वायमारात एक पुरावा निघाला. तिथल्या ॲना अमालिया ग्रंथालयाला २००४ साली मोठी आग लागली, आठवत असेल. त्यानंतर दोनेक वर्षांत त्या ग्रंथालयाच्या जुन्या कागदपत्रांत बाखच्या हातची अगदी कोवळ्या वयातली पानं सापडली: बुक्स्टेहूडे आणि राइनकेन या उत्तर जर्मनीतल्या दोन ऑर्गनवादकांच्या मोठमोठ्या ऑर्गन रचना त्याने उतरवून घेतलेल्या. बुक्स्टेहूडेची नक्कल तेरा-चौदाव्या वर्षांची मानतात. ती आपल्या ओळखीच्या पाच रेघांवर लिहिलेली नाही. सुरांसाठी अक्षरं, आणि अक्षरांच्या डोक्यावर काळ दाखवणाऱ्या बारीक रेघा, अशी ती ऑर्गनवाल्यांची पद्धत. जागा कमी लागते, कागद वाचतो. पण एक अक्षर सरकलं की खालचा सगळा डोलारा कोसळतो. त्या पानांचे फोटो मी नेटवर मोठे करून पाहिले. अक्षर दाट आणि घाईचं, पण गिचमीड नाही. आठवीतल्या मुलाचं.

ओरड्रुफच्या शाळेत मात्र त्याची प्रगती उत्तम, वरच्या इयत्तेत वर्गबंधूंपेक्षा वयाने लहान. मग १७०० साली नाव कमी झालं. शाळेच्या रजिस्टरला लॅटिनमधून शेरा आहे: १५ मार्च १७०० रोजी जेवणाराहण्याची सोय नसल्यामुळे ल्यूनेबुर्गला गेला. आपल्याकडे गरीब मुलं वार लावून जेवायची ना, तशीच तिकडे रीत होती. सधन घरी जेवायचं, बदल्यात त्या घरच्या मुलांना शिकवायचं. ती सोय सुटली. भावाचं घर मुलाबाळांनी भरत चाललेलं. तेव्हा हा आणि त्याचा शाळासोबती गेओर्ग एर्डमान उत्तरेला निघाले, तीनेकशे किलोमीटर. पंधरा पुरी व्हायला आठवडा उरला होता. ल्यूनेबुर्गच्या सेंट मायकेल शाळेत गरीब घरच्या चांगल्या आवाजाच्या मुलांना गाण्याच्या बदल्यात शिक्षण, जेवण आणि थोडे पैसे मिळत.

आवाजावर गेला आणि लवकरच आवाज फुटला. मृत्युलेखात ते मोठं मजेदार लिहिलंय: गाता गाता अचानक वरच्या सुराबरोबर खालच्या सप्तकातलाही सूर निघू लागला, आणि पुढचे आठ दिवस तो बोलला तरी दोन्ही सप्तकांत एकदम. मग तो आवाज गेलाच. तरी शाळेने त्याला काढलं नाही. वाजवण्यावर ठेवलं असणार.

तिथून हांबुर्ग पन्नासेक किलोमीटर. म्हातारा राइनकेन तिथे वाजवायचा, त्याला ऐकायला हा अधूनमधून जायचा. परतीची एक गोष्ट पुढे छापली गेली. खिशात दमड्या संपल्या, अर्ध्या वाटेत एका खानावळीबाहेर स्वयंपाकाचा वास घेत बसलाय. खिडकी उघडते आणि हेरिंग माशाची दोन डोकी बाहेर कचऱ्यात पडतात. भुकेपोटी उचलतो तर प्रत्येकात डेन्मार्कचं एक सोन्याचं नाणं. नाणी खरी की तिखटमीठ, देव जाणे. पण त्या पैशांतून पोराने काय केलं म्हणून गोष्टीत सांगितलंय? राइनकेनला ऐकायची पुढची फेरी.

शाळा सुटल्यावर नोकरी. झांगरहाउझेन गावाने सतराव्या वर्षी त्याला निवडलं होतं. वरून ड्यूकसाहेबांचा निरोप आला आणि दुसरा माणूस लागला. (वशिल्याला देशाच्या सीमा नसतात, हे तुला मी आधीही सांगितलंय.) मग वायमारला काही महिने दरबारात, कागदोपत्री चाकर, प्रत्यक्षात वादक. आणि ऑगस्ट १७०३ मध्ये आर्नस्टाट.

गावातल्या नव्या चर्चमध्ये वेंडर नावाच्या कारागिराने ऑर्गन बांधला होता. तो तपासायला या मुलाला बोलावलं, वाजवून दाखवायला लावलं आणि तिथल्या तिथे नेमणूक. पगार ८४ गुल्डेन ६ ग्रोशेन. अठरा वर्षांच्या एकट्या जिवाला घसघशीत. आणि तो कुठून द्यायचा? माझ्यासारख्याला हे वाचून गहिवरून येतं: काही रक्कम बिअरवरच्या करातून, काही चर्चच्या तिजोरीतून, उरलेली गावच्या रुग्णालयाच्या निधीतून. तीन लेखाशीर्षं! दारूवरच्या करातून भजनाचा पगार. काम आठवड्यातून तीनदा, तासा-दोन तासांचं. बाकी वेळ मोकळा, आणि किल्ली त्याच्याकडे. आपल्या संगीत नाटकातल्या पायपेटीसारखा तो ऑर्गन नव्हे. मागे भाते मारायला माणूस लागतो, नाहीतर एक सूर निघत नाही. तेव्हा सराव करायचा तर भातेवाल्यालाही राजी ठेवावं लागे.

इथून पुढे फाईल जाड होत जाते.

ऑगस्ट १७०५. बाख वीस वर्षांचा. चर्चच्या गायनाला शाळेतली मुलं येत, त्यांतली काही याच्याहून मोठी. गायर्सबाख नावाचा एक जण बासून हे लांब नळीचं फुंकून वाजवायचं वाद्य वाजवायचा. त्याच्या वाजवण्यावरून बाख काहीतरी फार झोंबणारं बोलला होता. एका रात्री बाख आपल्या चुलतबहिणीबरोबर चौकातून चालला असताना हा गायर्सबाख काठी घेऊन आडवा आला, माफी माग म्हणाला, नाही म्हटल्यावर शिवी दिली आणि काठी उगारली. बाखने तलवार उपसली. दोघं एकमेकांना भिडले, बाकीच्या पोरांनी मध्ये पडून सोडवलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तक्रार घेऊन चर्चच्या मंडळापुढे हजर कोण? बाख. मला संरक्षण द्या म्हणून.

मंडळाने साक्षी काढल्या. बहिणीचीही साक्ष झाली. निष्कर्ष काय, तर आगळीक गायर्सबाखची, पण मास्तर, तुम्ही त्याच्या वाद्याला नावं ठेवलीत तिथून हे सुरू झालं. आणि एरवीही तुमचं मुलांशी पटत नाही अशी तुमची ख्याती आहे. बाखचं म्हणणं, मला ऑर्गनवर नेमलंय, हा सगळा वाद्यमेळ बसवायला वेगळा माणूस द्या. त्यावर मंडळाचं उत्तर इतिवृत्तात आहे: माणसाला अपुऱ्या लोकांबरोबरच दिवस काढावे लागतात.

मी असतो तर हेच लिहिलं असतं. या मंडळाला मूर्ख म्हणायची चरित्रकारांना फार हौस. पण वीस वर्षांचा मुख्य, हाताखाली त्याच्यापेक्षा वयस्कर टगी पोरं, आणि हा शिकवायचं सोडून त्यांना टोमणे मारणार. चांगला वादक होता, वाईट मास्तर होता. निदान तेव्हा.

त्याच सालच्या ऑक्टोबरात त्याने अर्ज केला: चार आठवड्यांची रजा, ल्यूबेकला जायचंय. तिथल्या सेंट मेरी चर्चमध्ये बुक्स्टेहूडे होता, वय सत्तरीकडे झुकलेलं, सगळ्या उत्तर जर्मनीत त्याचं नाव. नाताळाआधी तो संध्याकाळचे मोठे जलसे करायचा. मृत्युलेख म्हणतो, बाख पायी गेला. आर्नस्टाट ते ल्यूबेक चारशे किलोमीटरांहून अधिक, पुढे थंडीचे दिवस. नुसतं जाऊन येण्यातच चार आठवड्यांतले किती उरतात, हिशोब कर. अर्ज लिहितानाच त्याला तो ठाऊक असणार, हे माझं खात्यातल्या माणसाचं मत. शिवाय त्या डिसेंबरात २ आणि ३ तारखेला खास जलसे होते, वारलेल्या सम्राटासाठी एक आणि नव्या सम्राटासाठी एक. ते सोडून कोण परत येतो!

परतला तेव्हा फेब्रुवारी उजाडला होता. २१ फेब्रुवारी १७०६ ची बैठक म्हणजे अस्सल 'कारणे दाखवा'. इतके दिवस कुठे होता, कुणाच्या परवानगीने? उत्तर: ल्यूबेकला, आपल्या कलेतल्या काही गोष्टी समजून घ्यायला, आधी परवानगी मागितली होती. साहेब म्हणाले, मागितली होती चार आठवड्यांची, राहिलात चौपट. त्यावर याचं उत्तर ऐक: मी बदली माणूस नेमला होता, त्याने ऑर्गन असा सांभाळला असेल की तक्रारीला जागा नसावी.

मग मंडळाने खरी सल बाहेर काढली. तुम्ही प्रार्थनागीतांच्या साथीत चमत्कारिक करामती करता, परके सूर घुसडता, लोकांना कळेनासं होतं आपण काय गातोय. आणखी एक: आधी फार वेळ वाजवायचे, समज दिली तर आता मुद्दाम फारच थोडं वाजवता. हा शेवटचा शेरा मी चार वेळा वाचला. अगदी तू! "टीव्हीचा आवाज कमी कर" म्हटलं की पार बंद करून, पाय आपटत आत जायचास.

मुलांच्या गायनाचं काय करणार, याचा खुलासा त्याने आठ दिवसांत द्यायचा होता. नोव्हेंबर आला, खुलासा नाही. पुन्हा बोलावलं, तर म्हणे लेखी देतो. त्याच बैठकीत नवा मुद्दा: कुणा परक्या मुलीला वर गॅलरीत नेऊन गायला-वाजवायला लावलंत, कुणाच्या हुकमाने? हा म्हणतो, पाद्रीबुवांना सांगितलं होतं. ती कोण, यावर आजही तर्क चालतात. पुढच्या वर्षी त्याने नात्यातल्याच मारिया बार्बाराशी लग्न केलं, तेव्हा पुष्कळांचं बोट तिच्याकडे जातं.

आता तुझं.

निखिल, तू ही गोष्ट माझ्या तोंडावर फेकशील हे मला दिसतंय. "बघा बाबा, बाखसुद्धा गेला होता." गेला होता. आणि न जाता तर त्याच्या हातून पुढे जे झालं ते तसं झालं नसतं, हेही मला मान्य. ल्यूबेकहून आल्यावरच्या त्याच्या ऑर्गन रचना ऐकताना मलासुद्धा, पेटीवाल्याला, कळतं की माणूस काहीतरी मोठं ऐकून आलाय. पण मला त्या फाईलमधली वेगळी ओळ धरून ठेवावीशी वाटते. बदली. त्याचा चुलतभाऊ योहान अर्न्स्ट ऑर्गनवर बसला होता. चार महिन्यांत एकही रविवार मुका गेला नाही. मंडळ उशिराबद्दल बोललं, सुरांबद्दल बोललं, मुलांबद्दल बोललं. ऑर्गन बंद पडला असं कुणाला म्हणता आलं नाही. नंतर बाखने गाव सोडलं तेव्हा ती जागा याच अर्न्स्टला मिळाली, कमी पगारावर, आणि बाखने आपल्या राहिलेल्या पगारातला वाटा त्याला देऊन टाकला.

तेव्हा तू जा किंवा जाऊ नको, हे मी ठरवत नाही. तुझ्या आईला वाटतं मी 'नाही' म्हणावं. मी फक्त खात्यातले प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरं तुझ्याकडे असायला हवीत. तुमच्या गटाचं जे मोजमापाचं काम तुझ्या नावावर आहे ते सहा महिने कोण बघणार? त्याला आत्ता विचारलंस का, की मेसेज टाकून मोकळा होणार आहेस? गाईडबाईंना सहा महिने सांगणार आहेस आणि मनात एक वर्ष धरलंयस का? धरलं असशील तर वर्षच माग. विद्यार्थी म्हणून तिथे राहायचा तुझा परवाना असतो, खंड पडला तर त्याचं काय होतं ते परदेशी लोकांच्या कचेरीत जाऊन विचार. व्हॉट्सॲप ग्रुपवर नको. पैशांचं मी बघतो, पण कारखाना काही देणार आहे का, ते लेखी घे. बाखसुद्धा पगार लेखी घ्यायचा. पै अन् पै.

पुढची फाईल थोडक्यात. १७०७ मध्ये म्यूलहाउझेन, वर्षभरात तेही सोडून वायमारचा दरबार. तिथे नऊ वर्षं काढली, बढती हुकली, आणि दुसऱ्या राजाची नोकरी पत्करून राजीनाम्यासाठी असा हटून बसला की ड्यूकने त्याला अटकेतच टाकलं. ६ नोव्हेंबर ते २ डिसेंबर १७१७. दरबारी कारकुनाने कारण लिहून ठेवलंय: हट्टी वागणूक. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा, चार मुलांचा बाप. मग नाराजीचा शेरा मारून मोकळा केला. आणि पंचेचाळिशीत लाइपझिगहून त्याने एक लांब पत्र लिहिलं, ते त्याच एर्डमानला, जो पंधराव्या वर्षी त्याच्याबरोबर ल्यूनेबुर्गला निघाला होता आणि आता डान्झिगमध्ये रशियाचा प्रतिनिधी होता. त्यात वरिष्ठ विचित्र आहेत, संगीताची कदर नाही, महागाई फार. शिवाय हवा चांगली असली की माणसं कमी मरतात आणि अंत्यविधींच्या वाजवण्याचं उत्पन्न बुडतं. मागच्या वर्षी शंभराहून जास्त टालर असे गेले. वाचून मी एकटाच हसत बसलो, आई आतून विचारायला आली काय झालं म्हणून.

भाजणी आणि मेतकूट शेजारच्या कुलकर्णींच्या मुलीबरोबर पाठवतोय, ती पंधरवड्यात फ्रँकफुर्टला उतरते. तुझा पत्ता तिला दिलाय. तू स्टेशनवर घ्यायला जा, तिला शोधत यायला लावू नको.

गाईडबाईंना द्यायचा अर्ज आधी मला पाठव. जर्मनमध्ये असला तरी चालेल, बाजूला मराठी लिही. तारखा आणि बदलीचं नाव पहिल्याच परिच्छेदात हवं.

तुझा
बाबा

ता. क. आर्नस्टाटला पुन्हा उतरशील तेव्हा तिथल्या वाड्यातल्या संग्रहालयात जा. वेंडरच्या ऑर्गनचा जुना कळफलक, ज्यावर त्याने प्रत्यक्ष वाजवलं, तो तिथे ठेवलाय. चर्चमधला आताचा ऑर्गन जुन्या धर्तीवर पुन्हा बांधलेला आहे. तुला त्यातलं कळतं, तेव्हा पट्ट्यांची रुंदी आपल्या पेटीपेक्षा किती वेगळी ते नीट बघून कळव. आणि तिथून डोर्नहाइम तासाभराच्या चालीवर आहे, १७ ऑक्टोबर १७०७ ला त्याचं लग्न झालं ते छोटं चर्च तिथे आहे. बूट चांगले घाल.